जुन्या मोटरहोमच्या भिंती आणि खिडक्यांचे इन्सुलेशन: आधी पाणी, मग थंडी

1970 च्या दशकातील बहुतेक अमेरिकन मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्या) उन्हाळी सहलींचा विचार करून बांधलेली आहेत. जून ते ऑगस्टमध्ये त्यांच्याविषयी तक्रारीला जागा नसते. पण मिनेसोटासारख्या राज्यात ऑक्टोबर उजाडून रात्रीचा पारा शून्याखाली जाऊ लागला की गाडीचे खरे रूप दिसते. हीटर अखंड चालतो, तरी भिंतीला पाठ टेकवत नाही आणि सकाळी काचेवरून ओघळलेल्या पाण्याने गादीची कड ओली झालेली असते. 1974 साली बांधलेल्या अशाच एका 22 फुटी गाडीवर मी दोन उन्हाळे काम केले. त्या अनुभवातून कामाचा जो क्रम योग्य ठरला, तो येथे सविस्तर मांडला आहे. हा क्रम बाजारातील चांगल्यात चांगल्या इन्सुलेशनपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण गळक्या भिंतीत भरलेले उत्तम साहित्यही दोन-तीन वर्षांत आतले लाकूड कुजवण्याचेच काम करते.

उष्णता नेमकी कुठून जाते

साहित्य विकत घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन थोडा हिशेब करावा. 22 फुटी गाडीत साधारण 20 चौरस मीटर भिंत आणि पुढची मोठी काच धरून सुमारे 6 चौरस मीटर काच असते. आत 20 अंश सेल्सिअस आणि बाहेर शून्य अंश असताना एकेरी काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे 115 वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे सर्व काचांमधून मिळून जवळजवळ 700 वॅट. जुने ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) खाली बसलेल्या भिंतींमधून अंदाजे 800 वॅट जातात, आणि त्याच भिंतीत दीड इंच जाडीचा चांगला फोम नीट बसवला की हा आकडा साडेतीनशे-चारशेपर्यंत खाली येतो. क्षेत्रफळाने काच भिंतीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते, पण उष्णता घालवण्यात ती भिंतीच्या बरोबरीने उभी असते. छप्पर, जमीन आणि फटींमधून येणारा वारा यांचा हिशेब वेगळा आहे. तरीही एवढ्यावरून एक निर्णय घेता येतो: सगळ्या भिंती उघडण्याइतका वेळ किंवा पैसा नसेल, तर आधी खिडक्यांचे काम करावे. ते महिन्याभरात संपते आणि त्याचा फरक पहिल्याच रात्री जाणवतो.

दुसरा हिशेब दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याचा. थंड ताकाने भरलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसाच घाम गाडीच्या पत्र्याला आतून येतो. 20 अंश तापमानाच्या आणि 50 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू 9 अंशांच्या आसपास असतो. बाहेर शून्य अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग जेमतेम 5 अंशांवर असतो, त्यामुळे तिच्यावर पाणी जमणारच. भिंतीच्या आत, इन्सुलेशनच्या मागे असलेला पत्रा तर याहूनही थंड असतो, आणि तिथे जमलेले पाणी दिसत नसल्यामुळे ते अधिक घातक ठरते.

आपली भिंत कोणत्या प्रकारची आहे

जुन्या मोटरहोमच्या भिंती सरसकट एकाच पद्धतीने हाताळता येत नाहीत. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे सुमारे दीड इंच जाड लाकडी पट्ट्यांची चौकट, बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पन्हळी पत्रा, मधे ग्लासवूल आणि आतून लाकडाच्या नक्षीचे पातळ प्लायवूड. माझी गाडी याच प्रकारची होती आणि या लेखातील बहुतेक पायऱ्या याच प्रकाराला धरून आहेत.

आयोवातील फॉरेस्ट सिटी येथे 1966 पासून मोटरहोम बांधणाऱ्या विनेबागोच्या त्या काळातील गाड्यांत आतले प्लायवूड, मधला फोम आणि बाहेरचा ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटवून तयार केलेले सँडविच आढळते. अशी भिंत उघडण्याच्या फंदात पडू नये. तिची ताकद त्या चिकटण्यातच असते. तिच्यावर आतून अर्धा इंच फोमचा थर आणि पातळ प्लाय चढवणे एवढेच शक्य असते. मिशिगनमधील पॉन्टियॅक येथे 1973 ते 1978 या काळात तयार झालेल्या जीएमसी मोटरहोममध्ये ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियम व फायबरग्लासचे कवच असून आतून पॉलियुरेथेन फोमचा फवारा मारलेला असतो. तिथे भेगा पडलेला किंवा सुटलेला फोम तेवढा बदलावा. पोलादी पत्र्याच्या जुन्या व्हॅनमध्ये कडक फोमपेक्षा रबरासारखा लवचिक, बंद छिद्रांचा फोम अधिक सोयीचा पडतो, कारण तो वळणदार पत्र्याला थेट चिकटतो आणि मागे हवा उरत नाही. मात्र व्हॅनच्या दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे कोणत्याही परिस्थितीत बुजवू नयेत.

उघडण्यापूर्वीची तपासणी

एका कोरड्या दिवशी एका माणसाने बागेतील नळीने गाडीवर पाणी सोडावे आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसावे. सुरुवात खालून करावी आणि हळूहळू वर जावे. प्रत्येक खिडकीवर किमान पाच मिनिटे पाणी सोडावे, त्यानंतर छताच्या कडेची पट्टी, दिव्यांच्या चौकटी आणि शेवटी छतावरील झरोका घ्यावा. एकदम वरून पाणी सोडले तर गळती कुठली आणि ओघळ कुठला हे कळत नाही. पाण्याचा दाब जास्त ठेवू नये. पावसाचे पाणी जिथे कधीच गेले नसते, तिथे जोरदार फवारा ते घुसवतो. आत जिथे ओल दिसेल तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर क्रमांक टाकावा. लाकडातील ओल मोजणारे छोटे मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि या कामात त्याच्याइतका उपयोगी पडणारा सौदा दुसरा नाही.

आतली फळी काढण्यापूर्वी गाडीचा 120 व्होल्टचा पुरवठा तोडावा, बॅटरीची तार सोडवावी आणि गॅसची टाकी बंद करावी. हीटरच्या धुराड्याभोवतीचे जुने गॅस्केट, त्यामागील राखाडी पत्रे आणि जमिनीवरील जुन्या व्हिनाइलचा गोंद यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्यांना घासू किंवा तोडू नये, नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीच्या भिंतीत उंदरांची घरटी हमखास निघतात. उंदरांच्या लेंड्या झाडूने किंवा व्हॅक्यूमने उडवू नयेत, कारण त्या धुळीतून हंताव्हायरसची लागण होऊ शकते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण शिंपडून पाच मिनिटे भिजू द्यावे, मग हातमोजे घालून कागदाने उचलावे.

फळ्या काढणे आणि भिंत वाचणे

आतल्या फळ्या पातळ असतात आणि स्टेपलने ठोकलेल्या असतात. रुंद पटाशी किंवा पुट्टीची सुरी कडेने सरकवत स्टेपल एकेक करून उचलले तर फळी अखंड निघते. तीच पुढे नव्या फळीसाठी नमुना म्हणून वापरता येते, म्हणून तुटलेली असली तरी टाकू नये. प्रत्येक फळीच्या मागे क्रमांक आणि वरची बाजू लिहावी. आमच्या गाडीतील एका फळीमागे बांधणाऱ्या कामगाराने पेन्सिलने केलेली वजाबाकी सापडली, तीही चुकलेली, आणि त्या खिडकीची चौकट एका बाजूला पाव इंच तिरपी का आहे याचा उलगडा झाला.

पिवळे ग्लासवूल काढताना घाई करू नये. त्यावर पडलेले तपकिरी डाग म्हणजे पाण्याने स्वतः काढून ठेवलेला नकाशा असतो. आमच्याकडे जेवणाच्या टेबलाजवळील खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून एक डाग निघून तिरपा खाली गेला होता आणि जिथे तो संपत होता, तिथली आडवी पट्टी बोटाने दाबल्यावर कॉफीच्या चोथ्यासारखी भुसभुशीत झाली. बाहेरून त्या जागी काहीही दिसत नव्हते. अशी पट्टी वरवर रसायन लावून वाचवू नये. कुजलेला भाग सोडून पुढचे किमान सहा इंच निरोगी लाकूड येईपर्यंत कापावे, नवी पट्टी जोडावी आणि जोडाला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा. त्यानंतर आर्द्रता शोषणारे यंत्र लावून गाडी आठवडाभर कोरडी होऊ द्यावी. मीटरवर लाकडाची ओल 15 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नये.

खिडक्या: भिंतीच्या आधी

अनेकजण भिंत भरून झाल्यावर खिडक्यांकडे वळतात. हा क्रम उलटा आहे. खिडकी नव्याने बसवल्यावर पुन्हा पाणी सोडून पाहायचे असते, आणि ते भिंत उघडी असतानाच नीट पाहता येते.

एका वेळी एकच खिडकी काढावी. आतून चौकटीचे स्क्रू सोडवले की आतली कड निघते. बाहेरची चौकट मात्र जुन्या पुट्टीने पत्र्याला धरलेली असते. हेअर ड्रायरने ती कोमट करून प्लास्टिकच्या पात्याने सोडवावी, लोखंडी पात्याने पत्रा वाकतो. चौकट आणि पत्रा दोन्ही मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करण्याच्या द्रवाने) पुसून पूर्ण स्वच्छ करावेत. सरकत्या काचांच्या खाचेत मखमलीसारखी केसाळ पट्टी असते. ती झिजली की काच खडखडते आणि वारा आत येतो. ही पट्टी मीटरच्या मापाने विकत मिळते आणि स्वस्त असते, तेव्हा ती हातासरशी बदलून घ्यावी. चौकटीच्या खालच्या कडेला पाणी बाहेर जाण्याची दोन-तीन बारीक छिद्रे असतात. पन्नास वर्षांच्या धुळीने ती बुजलेली असतात. बारीक तारेने ती मोकळी करावीत. बऱ्याच गाड्यांत गळती समजली जाणारी गोष्ट प्रत्यक्षात एवढीच असते.

परत बसवताना चौकटीच्या कडेखाली ब्युटाइल टेपचा (चिकट, मऊ रबरी पट्टीचा) सलग पट्टा लावावा आणि त्याचा जोड वरच्या कडेला न येता खालच्या कडेला येईल असे पाहावे. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळावेत आणि बाहेर आलेले ब्युटाइल कापून टाकावे. सिलिकॉन येथे वापरू नये. ते निघता निघत नाही आणि ज्या पत्र्याला एकदा लागले त्यावर नंतर दुसरे काहीच नीट चिकटत नाही; आमच्या गाडीच्या आधीच्या कोणा मालकाने सढळ हाताने लावलेले सिलिकॉन खरवडण्यात माझे चार रविवार गेले.

आता दुहेरी काचेचा प्रश्न. जुन्या मापाच्या दुहेरी खिडक्या बनवून घेता येतात, पण खर्च मोठा असतो आणि गाडीचे मूळ रूप बदलते. त्यापेक्षा आतून 3 मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकचे (पारदर्शक प्लास्टिकचे) दुसरे तावदान लावणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. दोन्हींमध्ये 12 ते 16 मिलिमीटर हवा राहील असे पाहावे. अंतर फार वाढले की आतली हवा फिरू लागते आणि फायदा वाढत नाही. चौकटीला पातळ लोखंडी पट्टी आणि ॲक्रिलिकच्या कडेला चुंबकीय पट्टी लावली की तावदान हाताने काढता-घालता येते. ॲक्रिलिक तापमानाने बरेच प्रसरण पावते: एक मीटर लांबीचा तुकडा 40 अंशांच्या फरकात सुमारे 3 मिलिमीटर वाढतो. म्हणून ते चौकटीत घट्ट बसेल असे कापू नये आणि थेट स्क्रूने आवळू नये. स्क्रू लावायचाच असेल तर भोक मोठे ठेवावे.

या तावदानाची आतली कड हवाबंद असणे अत्यावश्यक आहे. एका बाजूनेही फट राहिली तर खोलीतील दमट हवा मधल्या पोकळीत शिरून बाहेरच्या थंड काचेवर पाणी धरते, आणि ते पुसायला हात पोहोचत नाही. तावदान नीट बसले तर त्याचा आतला पृष्ठभाग बाहेर शून्य अंश असतानाही 12 अंशांच्या वर राहतो, म्हणजे दवबिंदूच्या पलीकडे. काचेतून जाणारी उष्णता निम्म्यावर येते. 4 चौरस मीटरसाठी वजन 14 ते 15 किलो वाढते, तेवढे सोसावे.

आपत्कालीन बाहेर पडण्याची खिडकी, जिच्यावर सहसा लाल खिट्टी असते, तिच्यावरील तावदान एका ओढीत निघालेच पाहिजे. तिथे कापडी पट्ट्याची मूठ लावावी आणि घरच्या मुलांकडून ती काढून घेण्याचा सराव करून घ्यावा. पुढच्या मोठ्या काचेला आणि चालकाच्या बाजूच्या काचांना ॲक्रिलिक लावू नये. तिथे मुक्कामाच्या वेळी बाहेरून घालायची जाड खोळ उत्तम, कारण आतून लावलेल्या पडद्यामुळे काच आणखी थंड होते आणि पडद्यामागे पाण्याचे पाट वाहतात. जाड पडदे लावल्यावर घाम वाढल्याची तक्रार अनेकजण करतात, त्याचे कारण हेच आहे.

भिंत भरणे

साहित्याची निवड आपल्याला वाटते तितकी अवघड नाही. पांढरा थर्माकोल स्वस्त असतो, पण कापताना त्याचे मणी सुटतात आणि गाडीच्या हादऱ्यांनी तो करकरतो. त्याच कुळातील एक्सपीएस, म्हणजे पॉलिस्टायरीन फोमचे निळ्या किंवा गुलाबी रंगाचे घट्ट फळे (सपाट तक्ते), पाणी जवळजवळ शोषत नाहीत आणि एका इंचाला अमेरिकन मोजणीने सुमारे 5 आर-मूल्य (उष्णता अडवण्याच्या क्षमतेचे माप) देतात. पॉलिआयसो या दुसऱ्या प्रकारच्या कडक फोमचे फळे कागदावर 6 किंवा त्याहून थोडे अधिक दाखवतात, परंतु कडाक्याच्या थंडीत त्यांची क्षमता घटते आणि कापलेल्या कडेतून ते पाणी घेतात. जुने ग्लासवूल 3 ते 3.5 च्या आसपास, तेही कोरडे आणि फुगलेले असेपर्यंत. मी एक्सपीएस वापरले. 20 चौरस मीटर भिंतीसाठी दीड इंच जाडीच्या फळ्यांचे वजन 25 किलोच्या आत बसले, हेही जुन्या चाकांना आणि ब्रेकना मानवणारे आहे.

दोन भाग मिसळून भिंतीत भरायचा फवारा-फोम मात्र लाकडी चौकट आणि पातळ पत्रा असलेल्या गाडीत टाळावा. फुगताना तो पत्रा बाहेर ढकलतो, आणि एकदा भरला की पुढे कधी गळती झाली तर ती शोधताही येत नाही.

फळे प्रत्येक खणाच्या मापाने, चारही बाजूंनी 4 ते 5 मिलिमीटर कमी कापावेत. ते पत्र्याला पूर्ण गोंद लावून चिकटवू नयेत. उन्हात तव्यासारखा तापलेला आणि रात्री गोठलेला ॲल्युमिनियमचा 3 मीटर लांब पत्रा 60 अंशांच्या फरकात जवळजवळ 4 मिलिमीटर हलतो, आणि घट्ट चिकटलेला फोम त्याला हलू देत नसल्याने पत्र्यावर फुगवटे येतात. फोमला चालणाऱ्या गोंदाचे चार-पाच ठिपके पुरेसे असतात; विद्रावक असलेला साधा गोंद पॉलिस्टायरीन विरघळवून टाकतो, तेव्हा डब्यावरील सूचना वाचूनच तो घ्यावा. फळा बसला की कडेच्या फटीत कमी फुगणारा, खिडक्या-दारांसाठीचा फोम भरावा, सुकल्यावर तो सपाट कापावा आणि लाकूड व फळा यांच्या जोडावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. बाहेरचा पत्रा बाष्प अडवतोच, त्यामुळे आतली दमट हवा त्याच्यापर्यंत पोहोचूच नये, हा या सगळ्या पट्ट्यांचा हेतू आहे. पन्हळीच्या तळाशी मात्र पाणी उतरायला वाट मोकळी ठेवावी. कधी चुकून आत आलेले पाणी खाली निघून गेले पाहिजे.

वायरिंगबाबत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पीव्हीसीचे आवरण असलेली तार पॉलिस्टायरीनला सतत टेकून राहिली, तर आवरणातील मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू फोममध्ये जाते, फोम खड्ड्यासारखा वितळतो आणि तारेचे आवरण कडक होऊन तडकते. म्हणून भिंतीतील प्रत्येक तार नळीतून न्यावी, आणि पन्नास वर्षे जुन्या तारा बदलायच्या असतील तर हीच वेळ आहे. हीटर आणि फ्रिजच्या धुराड्याभोवती फोम अजिबात नको. तिथे उत्पादकाने सांगितलेले अंतर सोडून खनिज लोकर भरावी.

धातूचा सांगाडा असेल तर फळ्यांच्या मधून उष्णता पळून जाते, कारण ॲल्युमिनियम हे लाकडाच्या हजारपटींहून अधिक उष्णतावाहक आहे. अशा प्रत्येक पट्टीवर 3 ते 6 मिलिमीटर जाडीची बंद छिद्रांची फोमपट्टी चिकटवून मगच आतली फळी लावावी. फळीवर स्क्रूंच्या डोक्यांभोवती हिवाळ्यात दवाची वर्तुळे उठतात, ती या एका पट्टीने थांबतात.

हवा बाहेर जाण्याची सोय

गाडी जितकी घट्ट कराल, तितकी तिला श्वास घेण्याची जागा जाणीवपूर्वक द्यावी लागते. दोन माणसे रात्रभरात सहज अर्धा ते पाऊण लिटर पाणी श्वासातून आणि त्वचेतून बाहेर टाकतात. एक किलो प्रोपेन जळला की दीड लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, त्यामुळे आत धूर सोडणारा हीटर किंवा गॅसची शेगडी ऊब मिळवण्यासाठी कधीही वापरू नये. त्यात पाण्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइडचा धोका मोठा आहे. छतावरील झरोका इंचभर आणि विरुद्ध टोकाची एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. थोडी ऊब जाते, हे खरे आहे, पण हवा आणि गादी कोरडी राहते. कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळती यांचे अलार्म जुन्या गाडीत असले तरी त्यांच्या मागची तारीख पाहून मुदत संपलेले बदलावेत.

आतल्या फळ्या कायमच्या ठोकण्याआधी एक रात्र गाडीत झोपावे. त्या फळ्या दोन-चार स्क्रूंवर टांगलेल्या असाव्यात, आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र उशाशी असावे आणि पहाटे पाचच्या सुमारास, म्हणजे थंडी सर्वांत जास्त असताना, उष्णता मोजणाऱ्या लेझर थर्मामीटरने कोपरे, खिडक्यांच्या कडा आणि बिछान्यामागची भिंत तपासावी. आमच्या गाडीत त्या रात्री सगळी भिंत 15 अंशांवर होती आणि एकच कोपरा 6 अंशांवर. फळी सोडवली तेव्हा तिथला फोम बसवायचाच राहून गेलेला सापडला. तो तुकडा आदल्या दिवशीच कापून टेबलाखाली ठेवलेला होता.